कोंबड्यांना सूर्यफुलाचे दाणे: कोंबडीला मानवतात, पण खिशाला मानवतात का?



परसातल्या कुक्कुटपालनाच्या जवळजवळ प्रत्येक बॅचमध्ये एक प्रश्न हमखास येतो. "सर, कोंबड्यांना सूर्यफुलाच्या बिया टाकल्या की अंडी वाढतात, पिसांना चमक येते, असं मोबाईलवर बघितलं. आम्ही पण सुरू करू का?"

प्रश्न चांगला आहे. पण ते व्हिडिओ बहुतेक अमेरिका-युरोपातले असतात. तिकडे अंगणात हौसेनं पाच-सहा कोंबड्या पाळतात आणि पाखरांना घालायला सूर्यफुलाचे दाणे दुकानात पोत्यानं मिळतात. तिथं हौस आहे, आपल्याकडं धंदा आहे. पारनेरच्या वाडीत वीस गावरान कोंबड्या पाळून बाजाराचा खर्च भागवणाऱ्या ताईंना तोच सल्ला जसाच्या तसा लागू पडेलच असं नाही.

म्हणून आज दोन प्रश्न वेगवेगळे बघू. पहिला, सूर्यफूल कोंबडीला मानवतं का? दुसरा, खिशाला मानवतं का? पहिल्याचं उत्तर आहे: हो, पण मापात. दुसऱ्याचं उत्तर आहे: विकत आणून बहुधा नाही, पण गुंठाभर पिकवलं किंवा पेंड वापरली तर हो. आता हे कसं, ते सविस्तर.

दाण्यात नेमकं असतं काय?

तेलासाठी पिकवतात तो काळा, बारीक दाणा डोळ्यासमोर ठेवा. सालासकट या दाण्यात साधारण ४० टक्के तेल आणि १६ ते १८ टक्के प्रथिनं असतात. ई जीवनसत्त्व भरपूर असतं. तेलात लिनोलिक आम्ल असतं, ते कोंबडीला बाहेरूनच मिळावं लागतं. खुराकात ते कमी पडलं तर अंड्याचा आकार लहान राहतो. शिवाय सूर्यफुलाच्या प्रथिनात मेथिओनिन नावाचा घटक चांगला असतो. पिसं तयार व्हायला तो लागतो. म्हणून कोंबड्या जुनी पिसं गाळून नवी धरतात, त्या काळात या दाण्याचा उपयोग होतो. "पिसांना चमक येते" या बोलण्यात तथ्य आहे ते एवढं.

आता दुसरी बाजू. या प्रथिनात लायसिन कमी असतं. लायसिन तूर, हरभरा अशा डाळवर्गीय धान्यात चांगलं असतं. म्हणून सूर्यफुलाच्या जोडीला तुरीची किंवा हरभऱ्याची चुणी असेल तर एकाची उणीव दुसरं भरून काढतं. दाण्याची साल म्हणजे नुसता चोथा, त्यातून कोंबडीला काही मिळत नाही. आणि कॅल्शियम तर नावापुरतंच. अंडी देणाऱ्या कोंबडीला दिवसाला साडेतीन ते चार ग्रॅम कॅल्शियम लागतं. अंड्याचं कवच त्यातूनच बनतं. नुसत्या दाण्यावर राहिलेल्या कोंबडीचं कवच पातळ होणार म्हणजे होणार.

आणखी एक गैरसमज इथंच काढून टाकू. पिवळाजर्द बलक सूर्यफुलानं येत नाही. बलकाचा रंग येतो हिरव्या पाल्यातून आणि पिवळ्या मक्यातून. आपल्या जिल्ह्यात दुधाचा धंदा मोठा, त्यामुळं बांधावर लसूणघास असतोच. जनावरांच्या घासातला मूठभर कोवळा पाला कोंबड्यांना टाका. गिऱ्हाईक अंडं फोडून जो रंग बघतं, तो तिथून येतो आणि जवळजवळ फुकट येतो.

खिशाचं गणित

बाजारभाव रोज बदलतो, म्हणून तुलनेसाठी २०२५-२६ च्या खरिपाचे केंद्र सरकारचे हमीभाव धरू. क्विंटलचे भाव किलोवर आणले तर असे पडतात:

- मका: २४ रुपये
- बाजरी: २७ रुपये ७५ पैसे
- सोयाबीन: ५३ रुपये २८ पैसे
- सूर्यफूल: ७७ रुपये २१ पैसे

आता बघा. सूर्यफुलात तेल असल्यानं किलोमागं ऊर्जा मक्यापेक्षा तीस-चाळीस टक्के जास्त मिळते. पण किंमत सव्वातीन पट आहे. म्हणजे ऊर्जेसाठी सूर्यफूल घेणं तोट्याचं.

मग प्रथिनांसाठी घ्यावं का? सूर्यफुलाच्या दाण्यातून एक किलो प्रथिन घ्यायचं तर साधारण साडेचारशे रुपये पडतात. सोयाबीनमधून तेच १४० रुपयांच्या आसपास. (पण सोयाबीन कच्चं कधीच घालायचं नाही. कच्च्या सोयाबीनमधले काही घटक प्रथिनं पचू देत नाहीत. नीट भाजलेलं सोयाबीन किंवा सोयाबीन पेंडच वापरायची.)

किराणा दुकानात पाकिटात मिळणाऱ्या सोललेल्या बिया तर याहून कितीतरी महाग. त्या माणसांनी खायच्या.

कुक्कुटपालनात एकूण खर्चातला साठ-सत्तर टक्के खर्च एकट्या खाद्याचा असतो. परसात कोंबडी किडे, गवत, सांडलेलं धान्य स्वतः वेचते. म्हणून हा खर्च खाली येतो आणि म्हणूनच परसातला धंदा टिकतो. तिथं महागडा दाणा पोत्यानं आणून ओतला, तर आपला मुख्य फायदाच आपण घालवतो.

मग स्वस्तात कसं मिळवायचं? दोन वाटा

पहिली वाट: गुंठाभर सूर्यफूल

१९९० च्या दशकात महाराष्ट्रात लाखो हेक्टरवर सूर्यफूल होतं. आता ते शोधावं लागतं, आणि देशात खपणारं बहुतेक सूर्यफूल तेल रशिया, युक्रेन, अर्जेंटिना इकडून येतं. पण पीक आपल्या हवामानाला चालतं. खरीप, रब्बी, उन्हाळी अशा तिन्ही हंगामांत येतं आणि नव्वद-शंभर दिवसांत निघतं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे 'भानू' आणि 'फुले भास्कर' हे वाण आहेत. बियाण्याची चौकशी विद्यापीठात करा, किंवा बाभळेश्वर आणि दहिगाव-ने इथल्या कृषी विज्ञान केंद्रांत करा.

एका गुंठ्याचा हिशोब असा. दोन ओळींत ६० सेंटिमीटर आणि दोन रोपांत ३० सेंटिमीटर अंतर ठेवलं तर साडेपाचशेच्या आसपास झाडं बसतात. बियाणं शंभर ग्रॅमच्या आत-बाहेर लागतं. पाण्याची सोय असेल आणि एकरी सहा क्विंटलचा उतारा धरला, तर गुंठ्याला १५ किलो दाणा येतो. कर्जत, जामखेड, पाथर्डीकडं नुसत्या पावसावर असाल, तर सात-आठ किलोच धरा.

वीस कोंबड्यांना रोज पाच ग्रॅमप्रमाणं दिवसाला १०० ग्रॅम दाणा लागतो. म्हणजे १५ किलो दाणा १५० दिवस पुरतो, पाच महिने. पावसावरचा आठ किलो आला तरी ८० दिवस जातात.

आता कोणी म्हणेल, "हमीभावानं या १५ किलोचे साडेअकराशे रुपये होतात, मग विकू का नये?" बरोबर आहे, घरचा माल फुकट नसतो. पण १५ किलोची पिशवी घेऊन बाजार समितीत गेलात तर भाडंच खाऊन टाकेल. एवढा थोडा माल कोंबडीच्या पोटातून अंड्याच्या रूपानं विकणं जास्त सोपं आहे.

या पिकात दोन अडचणी येतात, त्या आधीच माहिती असू द्या. एक म्हणजे पोपट. शिवारात तुमचं एकट्याचंच सूर्यफूल असेल तर आख्खा थवा तिथंच उतरतो. दाणा भरायला लागला की फुलांच्या तबकांवर जुन्या साडीचं कापड किंवा कागदी पिशवी बांधा. गुंठाभराला हे जमतं. दुसरी अडचण पोचट दाण्याची. सूर्यफुलात दाणा भरतो तो मधमाशांमुळं. फुलोऱ्यात फवारणी टाळा. मधमाशा कमी दिसत असतील, तर सकाळी सात ते अकराच्या दरम्यान हाताला तलम कापड गुंडाळून ते एका तबकावरून दुसऱ्यावर हलकेच फिरवा. आठ-दहा दिवस, एकाआड एक दिवस.

तबकाची मागची बाजू पिवळी पडून वाळायला लागली की काढणी करा. खडखडीत वाळवा. दाणे झोडून काढण्याचीही गरज नाही. वाळलेलं आख्खं तबक खुराड्यात कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर टांगा. कोंबड्या टोचून टोचून खातात, त्यात गुंतून राहतात आणि एकमेकींची पिसं उपटण्याचं प्रमाणही कमी होतं.

दुसरी वाट: पेंड

तालुक्याच्या गावांत आता लाकडी घाणे सुरू झालेत. तेल काढल्यावर जी पेंड उरते, ती कोंबडीच्या कामाची आहे. सालासकट काढलेल्या सूर्यफूल पेंडीत २८ ते ३० टक्के प्रथिनं असतात आणि घाण्याच्या पेंडीत थोडं तेलही शिल्लक राहतं. चोथा मात्र जास्त असतो, म्हणून एकूण खाद्याच्या दहा टक्क्यांवर जाऊ नका.

अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठी दहा किलो घरगुती मिश्रणाचा एक आराखडा देतो:

- मका किंवा बाजरीचा भरडा: साडेपाच किलो
- गव्हाचा कोंडा: एक किलो
- सोयाबीन पेंड: दीड किलो
- सूर्यफूल पेंड: एक किलो
- शिंपल्यांचा चुरा: ८०० ग्रॅम
- कोंबड्यांचं खनिज मिश्रण: २०० ग्रॅम
- मीठ: ३० ग्रॅम

यातून साधारण १६ टक्के प्रथिनं मिळतात. हे मिश्रण फक्त अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी आहे. यातलं कॅल्शियम पिल्लांना आणि तलंगांना जास्त होतं. तुमच्याकडच्या जातीप्रमाणं थोडा बदल करावा लागेल, तेव्हा आराखडा पशुवैद्यकीय दवाखान्यात एकदा दाखवून घ्या.

घाणेवाल्याशी बोलताना दोन गोष्टी विचारा: पेंड कधीची आहे आणि भाव किती? भाव सोयाबीन पेंडीशी ताडून बघा. प्रथिनं सोयाबीन पेंडीपेक्षा बरीच कमी आहेत, मग भावही तितकाच कमी हवा. जवळजवळ सारखाच भाव सांगितला तर सरळ सोयाबीन पेंड घ्या.

किती, कधी आणि कसं?

माप सोपं ठेवा. मोठ्या कोंबडीला रोज पाच ग्रॅम. फार तर दहा ग्रॅम, त्यापुढं नाही. किराणा दुकानातल्या काट्यावर एकदा शंभर ग्रॅम दाणा मोजा, तेवढाच मावेल अशी वाटी ठरवा आणि ती वाटी दाण्याच्या डब्यातच ठेवा. "मूठभर टाकते" म्हणाल, तर घरातल्या प्रत्येकाची मूठ वेगळी असते.

वेळ संध्याकाळची. सकाळी दाणा टाकला तर कोंबडी आवडीचं खाऊन बसते आणि मुख्य खाद्य सोडते. दिवसभर चरून झालं की खुराड्यात घेताना टाका. कोंबड्या हाकेला येण्याची सवयही लागते आणि मोजणीही होते.

दोन महिन्यांखालच्या पिल्लांना सालासकट दाणा नको.

कोंबडीला दात नसतात, दाणा दळला जातो तो पेठ्यात. कलेजी-पेठा मागतो ना आपण, त्यातला पेठा. तिथं बारीक खडे असले तरच दाणा दळला जातो. मोकळ्या कोंबड्या खडे स्वतः वेचतात. तुमच्या कोंबड्या जाळीत बंद असतील तर ज्वारीच्या दाण्याएवढी खडी एका भांड्यात ठेवा. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात. शिंपले पोटात विरघळतात, ते खड्यांचं काम करत नाहीत.

"उन्हाळ्यात सूर्यफूल उष्ण पडतं का?" तेल पचवताना अंगात तयार होणारी उष्णता प्रथिनं पचवण्यापेक्षा कमीच असते. खरी अडचण वेगळी आहे. एप्रिल-मे महिन्यात कोंबडी मुळातच कमी खाते. त्या थोड्या भुकेत दाणाच भरला तर प्रथिनं आणि कॅल्शियम मागं राहतं. म्हणून उन्हाळ्यात माप निम्मं करा आणि सावली व गार पाणी दुप्पट करा.

लाडानं जास्त घातलं तर कोंबडी लठ्ठ होते, यकृतावर चरबी चढते आणि अंडी घटतात. चांगली दिसणारी, वजनदार कोंबडी एके दिवशी अचानक मेलेली सापडते, त्यामागं हेही एक कारण असतं.

हे दाणे कधीच घालू नका

आता मी जे सांगतोय ते घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

पहिलं, पेरणीचं बियाणं. कृषी सेवा केंद्रातल्या पाकिटातलं सूर्यफुलाचं बियाणं औषध लावलेलं असतं, बहुतेक वेळा गुलाबी, लाल, निळ्या रंगात. ते बुरशीनाशक आणि कीटकनाशक असतं. पेरून उरलेलं बियाणं "वाया कशाला घालवायचं" म्हणून कोंबड्यांपुढं टाकलं जातं. बियाण्याला लावतात त्या थायरमनं कोंबड्यांची हाडं वाकडी होतात, पाय लुळे पडतात, मऊ कवचाची अंडी पडतात. काही कीटकनाशकांनी तर तासाभरात कोंबड्या तडफडतात. आणि कोंबडी वाचली तरी तिची अंडी तुमची मुलं आणि तुमची गिऱ्हाईकं खाणार. धुऊन घालणं हाही उपाय नाही. उरलेलं बियाणं कोंबड्या आणि मुलं पोचणार नाहीत अशा जागी कुलपात ठेवा.

दुसरं, खारवलेल्या आणि मसाल्याच्या बिया. कोंबडीला एवढं मीठ झेपत नाही.

तिसरं, खवट किंवा बुरशी आलेला दाणा आणि पेंड. मूठभर हातात घ्या, चुरा, वास घ्या. जुन्या तेलासारखा किंवा कुबट वास आला, हिरवट-काळी बुरशी दिसली, तर टाकून द्या. बुरशीचं विष कोंबडीच्या यकृतावर जातं आणि ते उन्हात वाळवून जात नाही. पावसाळ्यात पेंड पंधरा दिवसांपुरतीच आणा.

महिनाभराची चाचणी: माझं ऐकू नका, वहीचं ऐका

तुमच्याकडं वीस कोंबड्या असतील तर दहा-दहाचे दोन गट करा. वय आणि जात दोन्हीकडं सारखी ठेवा. आधी दहा दिवस दोन्ही गटांची अंडी नुसती मोजा. मग एका गटाला रोज ५० ग्रॅम सूर्यफूल सुरू करा. बाकी खाद्य, पाणी, जागा सगळं सारखं. तीस दिवस रोज लिहा.

खर्च किती? तीस दिवसांत दीड किलो दाणा, हमीभावानं ११६ रुपये. समजा तुमच्या गावात गावरान अंडं बारा रुपयांना जातं. म्हणजे दाण्याचा खर्च निघायलाच दहा अंडी जास्त मिळायला हवीत. तुमचा भाव वेगळा असेल तर ११६ ला त्या भावानं भागा, तुमचा आकडा मिळेल. दोन-तीन अंड्यांचा फरक पडला तर तो दाण्याचा समजू नका. तेवढा फरक आपोआपही पडतो. आणि आधीच्या दहा दिवसांतच एक गट पुढं असेल तर तेही हिशोबात धरा.

अंडी कमी झाली की लगेच दाण्याकडं धावू नका. आधी हे तपासा: पाणी स्वच्छ आणि पुरेसं आहे का? शिंपल्यांचा चुरा आहे का? जंताचं औषध झालंय का? मानमोडीची लस वेळेवर दिली का? कोंबडी खुडूक झालीय का, पिसं गाळतेय का? आणि हिवाळा असेल तर दिवस लहान असतो. आपल्याकडं डिसेंबरात दिवस जेमतेम अकरा तासांचा. भरपूर अंड्यांसाठी कोंबडीला चौदा तासांच्या आसपास उजेड लागतो. उजेडाची कमतरता सूर्यफुलानं भरून निघत नाही.

शेवटची गोष्ट विक्रीची. "सूर्यफूल खाऊ घातलेली स्पेशल अंडी" असं लिहून भाव वाढवायचा मोह होईल. दिवसाला पाच ग्रॅम दाण्यावर असा दावा करू नका. गिऱ्हाईक टिकतं ते ताज्या अंड्यावर, घट्ट कवचावर आणि आठवड्याच्या ठरल्या दिवशी दारात येणाऱ्या ट्रेवर.

या आठवड्यात तीन कामं करा. घरात उरलेलं औषध लावलेलं बियाणं असेल तर ते बाजूला काढून कुलपात टाका. जवळच्या घाण्यावर पेंडीचा भाव विचारा. आणि एक दोनशे पानी वही आणून तिच्या पहिल्या पानावर आजची अंडी लिहा. दाण्याचं काय करायचं ते महिन्याभरानं तीच वही सांगेल.